भोकाच्या पैशाची खाच

अक्का,

आज तुझं तेरावं. बाहेर मंडपात दुसरी पंगत बसली आहे. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलंय. तू असतीस तर ही गोष्ट तू पहिल्या घासाला सांगितली असतीस. आता तुझ्या जावा ती हळू आवाजात सांगताहेत. मी तुझ्या खाटेवर बसून, तुझ्या लेकीच्या, मंदाच्या नातवाच्या वहीची पानं फाडून हे लिहितो आहे. उद्या सकाळी साडेदहाला अमरावतीत मला एमआरआयच्या मशीनमध्ये शिरायचं आहे. माझ्या पोटात एक पैसा आहे की नाही, हे ज्या एका माणसाला ठाऊक होतं, ते माणूस तेरा दिवसांपूर्वी निघून गेलं.

हसू नकोस. तुला हसायला काय जातं, तू सुटलीस.

सगळ्यांना वाटतं, वसंतराव बहिणीच्या दुःखानं खचले. मघाशी तुझा धाकटा जावई येऊन पाठीवर हात ठेवून गेला. म्हणाला, "मामा, सावरा." मी मान हलवली. त्याला काय सांगू, की दुःख तर आहेच रे बाबा, पण त्या दुःखाच्या पोटात एक भीती बसली आहे आणि ती भीती एका भोकाच्या पैशाएवढी आहे? सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. प्रत्येक पोराला दटावलं, उत्तर काढलं की पडताळा घे. स्वतःच्या पोटाचा पडताळा मात्र घेतला नाही.

झालं काय, ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. कमरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ते मशीन सांगितलं. तिथल्या मुलीनं एक कागद भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता: शरीरात धातूची वस्तू आहे का? मी पेन धरून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी तीच आली.

"आजोबा, कुठे अडलं? पेसमेकर आहे का? गुडघ्यात रॉड, स्क्रू, काही?"

"नाही. म्हणजे, एक पैसा आहे. असावा."

"पैसे काउंटरवर भरायचे, आजोबा."

मी उठलो, चपला घातल्या आणि सरळ घरी आलो. सुमन म्हणाली, झालं एवढ्यात? मी म्हणालो, मशीन बिघडलं. अक्का, बायकोशी मी आयुष्यात किती खोटं बोललो ते तुला माहीत आहे, पण एवढं मुळमुळीत कधी बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तर म्हणाली, एक साधा एक्स-रे काढा, दोन मिनिटांत कळेल. डॉक्टरसुद्धा हसून तेच म्हणाले. सत्तर वर्षं पैसा कुठे राहतो का काका, म्हणाले. अरे, पण दोन मिनिटांत कळेल, याचीच तर भीती होती. पैसा पोटात असणं ही एक गोष्ट. तू माझ्याशी खोटं बोललीस, हे ठरणं ही दुसरी. पहिलीवर औषध असेल. दुसरीवर काय आहे?

म्हणून तुला फोन केला. वाटलं, तू नेहमीसारखी खेकसशील. "खाच होती, भैताडा, तुले दिसली नाही," म्हणशील, आणि मी निर्धास्त होऊन मशीनमध्ये जाईन. पण दोनदा मी "हॅलो, हॅलो" केलं. मग म्हणालीस, "वसंता, रविवारी ये. त्या पैशाचं तुले एक सांगाचं राहिलं."

"मग आत्ता सांग ना."

"फोनवर नाही. ये तू."

आणि मी आलो नाही. तुला सांगितलं, कंबर धरली आहे, पुढच्या रविवारी येतो. कंबर धरली होती हे खरं, पण बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीत बसून यायला कमरेला काय होतं! तुझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्यांची पुडीसुद्धा आणून शर्टाच्या खिशात ठेवली होती. मंदाची नजर चुकवून तुला दोन-दोन द्यायच्या, आपला ठरलेला गुन्हा. ती पुडी खिशात, मी अंगणात, आणि गाडी निघून गेली. मला तुझं ते राहिलेलं ऐकायचं नव्हतं, अक्का. तू गुरुवारी गेलीस. पुढचा रविवार तुझ्या राखेचा झाला.

आता त्या कापसाच्या दिवसांवर येतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. तुझी सांगण्याची पद्धत चुकीची होती. तू नेहमी तुझ्या धपाट्याचा भाग गाळून सांगायचीस.

नवे पैसे यायच्या आधीचा हिवाळा. धामणगावच्या बाजारात बाबा मापारी होते, आणि मामा बंडीभर कापूस घेऊन विकायला आला होता. जाताना त्यानं दोघांच्या हातावर एकेक भोकाचा पैसा ठेवला. लोकांच्या दृष्टीनं त्या पैशाची किंमत ढब्बू पैशाएवढीच. आपल्या दृष्टीनं तो कितीतरी मोठा, कारण ढब्बूतून आभाळ दिसत नव्हतं. करंगळीत घालून अंगठी व्हायची, दोरा ओवून भिंगरी व्हायची, आणि ओठांत धरून फुंकलं तर शिट्टी वाजायची. वाजायची म्हणजे तुझी वाजायची. माझी नुसती थुंकी उडायची. शिट्टी बरी वाजेल म्हणून आणि तुझा-माझा ओळखू यावा म्हणून मी माझ्या पैशाची कड विहिरीच्या दगडावर दोन दिवस घासली आणि तिला एक खाच पाडली. शिट्टी तेवढीच वाजली. म्हणजे नाहीच वाजली.

स्टेशनच्या रस्त्यावरचं लालाजींचं दुकान. फळीवर काचेच्या बरण्या, एकीत लाल-हिरव्या लिमलेटच्या गोळ्या, एकीत संत्र्याच्या फोडीसारख्या, एकीत रेवड्या, आणि खाली परातीत गूळशेव, तिच्यावर माशा. पैशाला चार गोळ्या, नाहीतर मूठभर शेव. मूठ लालाजींची, हे वाईट. त्या दिवशी तिथे मी किती वेळ उभा होतो, सांग? तू म्हणायचीस अर्धा तास. मी म्हणतो पाच मिनिटं. पैसा माझ्या तोंडात होता, कारण चड्डीचा खिसा फाटका होता, आणि खिसा फाटका होता कारण त्यात मी मागच्या आठवड्यात खेकडा ठेवला होता.

"घे ना लवकर. माय वाट पाहून राहिली," तू म्हणालीस.

"गोळ्या घेऊ का शेव?" मी पैसा गालात धरूनच विचारलं, आणि लालाजींचं लक्ष जावं म्हणून फुंकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजली, अक्का! अशी खणखणीत वाजली की लालाजी दचकले.

"ए पोट्ट्या, दुकान हाय का तमाशा?"

आणि तेवढ्यात तू माझ्या पाठीत धपाटा घातलास.

मला आठवतं ते एवढंच, की घशातून काहीतरी थंड, जाड उतरत गेलं. तू म्हणालीस, "पैसा कुठी हाये?" मी म्हणालो, "गेला." "कुठी गेला?" मी पोटाकडे बोट दाखवलं. तू माझं तोंड फाकवून आत पाहिलंस, मग मला मालधक्क्याच्या भिंतीशी नेऊन उलटं उभं केलंस. माझं डोकं खाली, पाय वर, तू पाय धरून हलवते आहेस, आणि माझ्यातून काही पडत नाही. नाही म्हणायला नाकातला शेंबूड पडला.

"अक्का, मी मरतो का?"

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. म्हणालीस, "आत्ता नाई."

ते "आत्ता" मी सत्तर वर्षं जपून ठेवलं आहे. दम लागला, छातीत कळ आली, मेव्हण्याबरोबर चिखलदऱ्याला गेलो तेव्हा कड्यावरून पाय घसरला, प्रत्येक वेळी तुझा आवाज आला. आत्ता नाई. आता तो कोण म्हणणार?

घरी सांगायचं नाही, असं तू बजावलंस, कारण बाबांचा हात पहिल्यांदा तुझ्यावर पडला असता. मग उपाय शोधायला तू निघालीस. शेजारची गोदाबुढी गुराढोरांना औषध द्यायची. तिच्या दारात मला मागे उभं करून तू विचारलंस, "बुढे, वासरानं पैसा खाल्ला तर काय करा लागते वो?"

"कोणाच्या वासरानं?"

"मामाच्या."

"केवढं हाये वासरू?"

तू मागे वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "एवढं," म्हणालीस.

बुढीनं वाटीभर जवसाचं तेल दिलं. वासराच्या मापानं. ते तू मला गोठ्यामागे नाक दाबून पाजलंस आणि वरून गुळाचा खडा दिलास. पुढचे दोन दिवस माझं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मायला वाटलं हगवण लागली, तिनं ताकभात सुरू केला. मी नाल्याकाठी बसायचो आणि तू पाठ करून उभी राहायचीस. मी उठलो की तू कापसाच्या पऱ्हाटीची काडी घेऊन पुढे व्हायचीस. नऊ वर्षांची होतीस. मी वळून पाहायचो नाही. मला लाज वाटायची, आणि त्याहून जास्त भीती वाटायची की तू म्हणशील, नाही.

दोन दिवस तू "नाही" म्हणालीस. मी जेवण टाकलं. संध्याकाळी तुला म्हणालो, माझी लाकडी भिंगरी तू घे, मी मेल्यावर. तू दात ओठांवर दाबून बसलीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू ओरडलीस, "निंगाला रे, निंगाला!" आणि नाल्यावरून धावत घरी गेलीस. मी पोहोचेपर्यंत तू पैसा राखेनं आणि चिंचेनं घासून लख्ख करून माझ्यासमोर धरला होतास. मी तिथेच नाचलो, अक्का. भोकातून तुझा डोळा पाहिला. मग कड पाहिली.

"खाच कुठी हाये?"

"घासली असन पोटात."

"पोटात काय कानस हाये?"

"तू रडून राहिला, तुले दिसत नाही. खाच हाये."

इथून सुरू झालं. तुझ्या लग्नात, बोहल्यावर चढायच्या आधी मी तुझ्या कानात विचारलं होतं, खाच होती का? तू म्हणाली होतीस, होती, आता चूप बस. मी नोकरीला लागलो तेव्हा, माय गेली तेव्हासुद्धा, हसायला काहीतरी हवं म्हणून. दर राखीला. तू कधीच ढळली नाहीस. आणि तो पैसाही तू मला कधी हातात दिला नाहीस. घाणेरडा हाये म्हणालीस. गोळ्या घ्यायलाही दिला नाहीस, लालाजीले असला पैसा दिला तर पाप लागन म्हणालीस. त्या वयात मला ते पटलं. नंतर वाटलं, पाप कसलं, तो तुझाच पैसा होता. तू तुझ्या वाटच्या चार गोळ्या गमावून मला जेवायला बसवलंस, आणि माझा पैसा अजून माझ्यातच आहे. हे मला साधारण विसाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून मी तुझे आभार मानायचं टाळतो आहे, कारण आभार मानले की पोटात पैसा आहे हे मान्य करावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. पैसा "निघाल्यावर"ही तू आणखी चार-पाच दिवस सकाळी माझ्यामागे नाल्यावर यायचीस. मी म्हणायचो, आता काहून येतेस? तू म्हणायचीस, "तिकडं साप हाये." मला ती कटकट व्हायला लागली. माझे दोस्त हसायला लागले. मग मी काय केलं? मायकडे चुगली केली, अक्का माझ्या मागं मागं येते, मला हगूसुद्धा देत नाही. मायनं चुलीपुढची फुंकणी उचलली आणि तुझ्या पाठीत दोन रट्टे घातले. मोठी झाली, लाज नाही का, म्हणाली. तू माझ्याकडे पाहिलंस. साप हाये, एवढंच पुन्हा म्हणालीस. तरी दुसऱ्या दिवशी आलीसच, लांबून, बाभळीच्या आडून. मी दगड मारला होता. लागला नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि मंदा आली.

हातात पितळेची काजळाची डबी होती. डोळे पुसत म्हणाली, "मामा, आता कपाट आवरून राहिली होती त भेटली. तुमच्यासाठी ठेवली होती आईनं. माफ करजा, इतक्या दिवसांत डोक्यातच नाही राह्यलं."

"काय आहे त्यात?"

"काय माहीत, जुने पैसे हायेत. त्या रविवारी तुमी येणार होते ना, तवा उशाशी घेऊन बसली होती. तुमी आले नाही त मले म्हणे, वसंत्याले दे. म्हणा, एक माझा, एक त्याचा. त्याचा आठव्या दिवशी भेटला. बस, एवढं सांग, त्याले समजन." मंदानं माझ्याकडे पाहिलं. "मामा, काय भेटलं आठव्या दिवशी?"

डबीचं झाकण माझ्यानं निघेना. तिनंच उघडून दिलं. दोन भोकाचे पैसे. एक गुळगुळीत, लख्ख, जसा तू मला त्या सकाळी दाखवला होतास तसाच. दुसरा काळपट, हिरवट. त्याच्या कडेला खाच. वेडीवाकडी, सात वर्षांच्या पोरानं विहिरीच्या दगडावर घासून पाडलेली, नखाला अजून लागते.

अक्का, म्हणजे तिसऱ्या दिवशी तू खोटं बोललीस, मी जेवावं म्हणून. आणि मी नाचत जेवायला बसलो, गाढ झोपलो, दोस्तांशी शिट्टीच्या गप्पा मारल्या. तू मात्र पाच दिवस, रोज सकाळी, काडी घेऊन. माझी भीती तू काढून घेतलीस आणि नऊ वर्षांच्या अंगावर एकटीनं वागवलीस. मायचे रट्टे खाऊन, माझा दगड चुकवून. आठव्या दिवशी तो सापडला तेव्हा तू काय केलंस? कोणाला सांगितलंस? नाचली असशील का बाभळीआड एकटीच? तेव्हा सांगायला हवं होतंस ना, मूर्ख पोरी. सांगितलं असतंस तर तिसऱ्या दिवसाचं खोटं उघडं पडलं असतं. मग पुढच्या वेळी मी मरतो का विचारलं असतं, तर तुझ्या "आत्ता नाई"वर माझा विश्वास कसा बसला असता? एवढा हिशेब नऊ वर्षांच्या पोरीला जमला. मला सत्त्याहत्तराव्या वर्षी मंदानं करून द्यावा लागला.

आणि मी पुढच्या रविवारी येतो म्हणालो.

याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. तुझ्यासमोर तर कधीच जमली नसती, तू मध्येच म्हणाली असतीस, हे काय भाषण लावलं, पाणी पी. तेव्हा पाणी प्यायलो आहे. मंदानं दिलं. लिमलेटची पुडी खिशातच होती, उन्हानं गोळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत. एक मोडून तोंडात टाकली. एक तुझ्या डबीत ठेवली, दोन पैशांच्या मध्ये. मुंग्या येतील, येऊ देत.

उद्या त्या कागदावर मी "नाही" लिहीन. मुलीनं दोनदा विचारलं तर दोनदा लिहीन. मशीनमध्ये म्हणे फार आवाज होतो आणि हलता येत नाही. मी तिथे कोणाचं नाव घेईन ते तू ओळख. भीती गेली असं समजू नकोस, फक्त जागा बदलली आहे. इतकी वर्षं ती पोटात होती. आता ती या खोलीत आहे, तुझ्या उशाजवळ, जिथून तू "खाच होती" म्हणायचीस आणि आता कोणी म्हणत नाही.

मंदा अजून दारात उभी आहे. मी खाचेचा पैसा पदरासारख्या मऊ फडक्यानं पुसला आणि सवयीनं ओठांत धरला. एकदा फुंकावं म्हटलं, तू जिथे असशील तिथे दचकशील.

"मामा! तोंडातून काढा आधी तो! लहान हाये का तुमी?"

काढला. मंदाला वाटलं तिच्या ओरडण्यानं काढला. तसं नाही, अक्का. एकदम लक्षात आलं की आता गिळला, तर काडी घेऊन मागे येणारं कोणी नाही.